रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे

गुलाबी बोंडअळीच्या सर्वेक्षणात कामगंध सापळ्याची प्रत्येक पाहणी हे एक स्वतंत्र काम मानून ती जिरासारख्या प्रकल्प-नोंदीच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदविता येते. नोंदी वाढल्या की फिल्टर लावावाच लागतो. पहिला फिल्टर सहसा ठरलेला असतो: पतंगसंख्या ८ किंवा अधिक. सलग तीन रात्री प्रति सापळा ८ पतंग ही आर्थिक नुकसानीची पातळी कार्यकर्त्यांना पाठ असल्याने ही निवड स्वाभाविक आहे. मात्र केवळ तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

ज्या सापळ्याकडे कोणी फिरकलेच नाही, त्याचा पतंगसंख्येचा रकाना रिकामा राहतो. ती नोंद वरील फिल्टरमध्ये येत नाही, हे उघडच आहे. परंतु ‘८ पेक्षा कमी’ असा फिल्टर लावला तरीही ती येत नाही, कारण जिरामध्ये संख्येची तुलना भरलेल्या रकान्यांशीच होते. म्हणजे दोन्ही याद्या एकत्र केल्या तरी सर्व शेते त्यांत सामावत नाहीत. पडद्यावर धोक्याची यादी आखूड दिसते, तालुका निर्धास्त राहतो आणि न पाहिलेल्या शेतातील अळी बोंडात शिरते. बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत फवारणी पोहोचत नाही, हे शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून ‘पाहणीची तारीख उलटली आणि पतंगसंख्या रिकामी’ हा फिल्टर सर्वांत आधी तयार करावा.

शून्याचीही पारख हवी. ल्यूर जुना झाला की पतंग आकर्षित होत नाहीत आणि प्रामाणिकपणे भरलेले शून्यही फसवे ठरते. ल्यूर बदलल्याच्या तारखेचा रकाना ठेवला, तर मुदत उलटलेल्या ल्यूरची शून्ये वेगळी काढता येतात. हे एवढे साधे काम बहुधा हंगाम संपल्यावर आठवते!

‘सलग तीन रात्री’ ही अटही साध्या फिल्टरला कळत नाही. तो प्रत्येक नोंद सुटी पाहतो. कालची आणि परवाची संख्या शेजारी मांडत नाही. पातळी सलग कितव्या रात्री गाठली, याचा आकडा सर्वेक्षकाने वेगळ्या रकान्यात भरला, तरच सल्ला देण्याजोगी यादी हाती येते. त्याच्या कामात एका रकान्याची भर पडते, ही तक्रार रास्त आहे. तरीही हा रकाना वगळू नये.

बाकीच्या गोष्टी किरकोळ आहेत. ठरावीक तारखेऐवजी ‘मागील ७ दिवस’ अशी सापेक्ष मुदत द्यावी, म्हणजे फिल्टर दर आठवड्याला बदलावा लागत नाही. जिरामध्ये जतन केलेला फिल्टर मूळ मांडणीत खाजगी राहतो. तो चमूसाठी आवर्जून खुला करावा. साप्ताहिक बैठकीत मात्र पातळी ओलांडलेल्या शेतांच्या यादीआधी रिकाम्या रकान्यांची यादी वाचली जावी आणि त्या शेतांवर दुसऱ्या दिवशी कोण जाणार, हे तेथेच ठरावे.