शेगडी हवी, धूर नको

रत्नागिरीकडच्या एक सासूबाई पहिल्यांदाच मुलाकडे इंग्लंडला गेल्या होत्या. डिसेंबर महिना. दुपारी चारच्या सुमारासच अंधार पडायचा. मुलाने आणि सुनेने नुकतेच एक जुने घर विकत घेतले होते. दिवाणखान्याच्या भिंतीत विटांची उघडी शेकोटी होती आणि वर धुराडे. "आई, आज तुमच्यासाठी खास शेकोटी पेटवू या," असे म्हणत सुनेने पेट्रोल पंपावरून आणलेली लाकडांची पिशवी उघडली.

पाच मिनिटांत खोलीत धूर कोंदला. लाकडे पेटण्याऐवजी फसफसू लागली. त्यांच्या टोकांना फेस आला. सहा वर्षांचा नातू खोकत खोकत जिन्यात जाऊन बसला. सासूबाईंनी पदर नाकाला लावला आणि म्हणाल्या, "अगं, ओलं आहे हे लाकूड. आम्ही पावसाळ्यात नाइलाजानं असलं सरपण जाळायचो. तुम्ही पैसे देऊन आणता?"

तेव्हा सगळे हसले, पण आठवड्याभरात हसू मावळले. शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि नगरपालिकेचे पत्र आले. ते घर 'धूर नियंत्रण क्षेत्रात' होते. तिथे उघड्या शेकोटीत लाकूड जाळायला मनाई होती. घर घेताना ही गोष्ट विचारायची असते, हे दोघांच्या ध्यानातही आले नव्हते.

आता बंद शेगडी घ्यायची, असे मुलाने ठरवले. पण कोणती? दुकानात तर पन्नास प्रकार मांडलेले. इंग्रजीत तिला 'स्टोव्ह' म्हणतात, पण हा आपला रॉकेलचा स्टोव्ह नव्हे. ही पुढे काच लावलेली, लोखंडाची किंवा बिडाची जड पेटी असते. तिचा धूर नळीतून थेट धुराड्यात जातो. आज कितीतरी मराठी घरांतली मुले परदेशी स्थायिक झाली आहेत आणि थंड मुलुखात घर घेताना हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो. म्हणून शेगडी निवडताना काय पाहावे, हे नीट समजून घेतलेले बरे.

बंदी का आली?

लंडनमध्ये ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत दाट, विषारी धुके साचले होते. थंडी कडाक्याची, वारा नाही आणि घरोघर कोळसा पेटलेला. धूर वर न जाता शहरावरच बसून राहिला. त्या वेळच्या सरकारी अंदाजानुसार सुमारे ४,००० माणसे दगावली. नंतरच्या अभ्यासकांनी हा आकडा १२,००० पर्यंत नेला. मरणाऱ्यांत म्हातारी माणसे, तान्ही मुले आणि छातीचे विकार असलेले लोक जास्त होते.

त्यातून १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला. नगरपालिकांना आपल्या हद्दीत धूर नियंत्रण क्षेत्रे जाहीर करण्याचा अधिकार मिळाला. आज १९९३ चा सुधारित कायदा लागू आहे. बर्मिंगहॅमसारखे शहर तर संपूर्णच अशा क्षेत्रात येते. इंग्लंडमध्ये या क्षेत्रातल्या घराच्या धुराड्यातून धूर निघताना आढळला, तर १७५ ते ३०० पौंड दंड होऊ शकतो. मान्यता नसलेले जळण विकत आणून ते सूट नसलेल्या शेगडीत जाळले, तर दंड १,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांचे नियम थोडे वेगळे आहेत, म्हणून पहिली चौकशी आपल्या नगरपालिकेत करावी.

धूर म्हणजे न जळलेले लाकूड

शेगडी पारखायची तर आधी लाकूड कसे जळते ते पाहावे. लाकूड तापले की आधी त्यातले पाणी उडते. मग त्यातून वायू बाहेर पडतात. आपल्याला दिसणारी ज्योत ही मुख्यतः या वायूंची असते. शेवटी उरतात ते निखारे. भट्टी पुरेशी तापलेली नसेल किंवा हवा कमी पडली, तर वायू न जळताच वर निघून जातात. तोच धूर, तीच काजळी आणि तेच धुराड्यात चिकटणारे डांबर. म्हणजे धूर निघतो तेव्हा पैसे देऊन आणलेले जळणच वाया जात असते.

चांगल्या शेगडीत हवा निदान दोन वाटांनी आत येते. एक वाट खालून, पेटवण्यासाठी. दुसरी वरून, काचेवरून खाली उतरणारी. या गरम हवेमुळे वर आलेले वायू पुन्हा पेट घेतात आणि काचही काळी पडत नाही. काही शेगड्यांत मागच्या बाजूला छिद्रे ठेवून तिसरी वाटही दिलेली असते. उघड्या शेकोटीत यातले काहीच नसते. तिची बहुतेक ऊब धुराड्यातून आकाशात जाते.

दोन गोष्टी तपासा, एक नव्हे

दुकानदार 'इकोडिझाइन' हा शब्द वारंवार उच्चारतो. १ जानेवारी २०२२ पासून ब्रिटनच्या बाजारात येणाऱ्या नव्या शेगड्यांना सूक्ष्म कण, विषारी वायू आणि कार्यक्षमता यांच्या या मर्यादा पाळाव्याच लागतात. पण ही एक परीक्षा झाली. धूर नियंत्रण क्षेत्रात लाकूड जाळण्यासाठी शेगडी सरकारच्या सूट दिलेल्या उपकरणांच्या यादीतही असावी लागते. त्याला बोलीभाषेत 'डेफ्रा मान्यता' म्हणतात. पहिली परीक्षा पास झाली म्हणून दुसरी आपोआप पास होत नाही.

यादीत नुसते कंपनीचे नाव पाहून भागत नाही. मॉडेलचे नेमके नाव आणि त्यात कोणते जळण वापरायची परवानगी आहे, हे दोन्ही जुळले पाहिजे. अशा शेगडीत वरच्या हवेची झडप पूर्ण बंद होऊ नये अशी सोय केलेली असते. ती कोणी काढून टाकली, तर मान्यतेला अर्थ उरत नाही. म्हणूनच ओळखीच्या माणसाकडून स्वस्तात मिळणारी जुनी शेगडी घेण्याचा मोह टाळावा. तिचे मॉडेल यादीत सापडले नाही, तर ती फक्त शोभेची वस्तू ठरते.

आणखी एक निवड करावी लागते. फक्त लाकडाची शेगडी घ्यायची की लाकूड आणि धूरविरहित कोळसा दोन्ही चालणारी? लाकूड राखेच्या गादीवर, सपाट तळावर छान जळते. कोळशाला खालून हवा लागते, म्हणून त्याला जाळी हवी. आपण लाकूडच जाळणार असू, तर लाकडाचीच शेगडी घेणे सोयीचे.

मोठी शेगडी म्हणजे जास्त ऊब नव्हे

मुलाच्या मनात आठ किलोवॉटची शेगडी भरली होती. "घ्यायचीच तर मोठी घेऊ. थंडी किती असते इथं, आई, तुला माहीत आहे ना?" त्यावर सासूबाई म्हणाल्या, "दोन माणसांच्या भाताला लग्नाचं पातेलं कशाला रे?"

त्यांचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. या धंद्यातला एक ढोबळ हिशोब आहे. खोलीची लांबी, रुंदी आणि उंची मीटरमध्ये मोजून गुणायची आणि येणाऱ्या आकड्याला १४ ने भागायचे. खोली ४ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच असेल, तर ती ४० घनमीटरची झाली. भागाकार तीनच्या आत येतो. म्हणजे सर्वसाधारण बांधणीच्या त्या खोलीला तीन किलोवॉटच्या आसपासची शेगडी पुरे. खिडक्या जुन्या असतील, भिंतींतून वारा येत असेल, तर थोडी मोठी.

आठ किलोवॉटची शेगडी अशा खोलीत पेटवली, तर अर्ध्या तासात घाम फुटतो. मग माणूस हवेची झडप बंद करत आणतो. आग घुसमटते, धूर निघतो, काच काळी होते आणि धुराड्यात डांबराचा थर बसतो. हाच थर पुढे कधीतरी पेट घेतो. लहान शेगडी पूर्ण जोमात जळणे हे मोठी शेगडी धुमसत ठेवण्यापेक्षा केव्हाही चांगले.

जळण कोरडे हवे

शेगडी कितीही भारी असली, तरी ओल्या लाकडापुढे तिचे काही चालत नाही. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. आगीची शक्ती आधी ते पाणी उकळण्यात खर्ची पडते. जाळायच्या लाकडात २० टक्क्यांपेक्षा जास्त ओल नसावी. १ मे २०२१ पासून इंग्लंडमध्ये दोन घनमीटरपेक्षा कमी लाकूड विकताना त्यावर 'रेडी टू बर्न' हा शिक्का असणे बंधनकारक आहे. पिशवी घेताना तो आधी पाहावा.

घरी वाळवायचे असेल, तर लाकूड फोडून, वरून झाकून आणि बाजूंनी वारा खेळेल असे रचून ठेवावे. एक ते दोन वर्षे सहज लागतात. ओल मोजायचे छोटे यंत्र मिळते. ते लाकडाच्या बाहेरच्या सालीला लावू नये. लाकूड मधोमध फोडून आतल्या ताज्या बाजूला लावावे. यंत्र नसेल, तर जुनी खूण आहे. कोरडी लाकडे एकमेकांवर आपटली की खणखणीत वाजतात, ओली बद्द वाजतात. रंग दिलेल्या फळ्या, प्लायवूड आणि जुने फर्निचर मात्र कधीही जाळू नये. त्यातून विषारी वायू निघतात.

बसवणे आणि पेटवणे

शेगडी स्वतः बसवण्याच्या भानगडीत पडू नये. इंग्लंडमध्ये हे काम 'हेटास'सारख्या मान्यताप्राप्त नोंदणीतल्या कारागिराकडून करून घ्यावे, नाहीतर नगरपालिकेच्या बांधकाम विभागाची तपासणी लागते. शेगडीखाली न जळणारी फरशी, धुराड्यात योग्य नळी आणि पाच किलोवॉटपेक्षा मोठ्या शेगडीला कायमचा वायुमार्ग लागतो. घर अगदी हवाबंद असेल, तर लहान शेगडीलाही तो लागू शकतो. खोलीत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटा हवीच. या वायूला ना वास ना रंग, आणि तो झोपेत जीव घेतो.

धुराडे वर्षातून निदान एकदा साफ करून घ्यावे. हा खर्च वाचवू नये. आपल्याकडे १९८० च्या दशकात गावोगाव निर्धूर चुली बसवल्या गेल्या. त्यातल्या कितीतरी पुढे बंद पडल्या. नळी काजळीने भरली, चुलीला चिरा गेल्या आणि दुरुस्तीला कोणी आले नाही, हे त्याचे एक मोठे कारण होते. चूल चांगली असून भागत नाही, तिची निगा राखावी लागते.

पेटवतानाही एक युक्ती आहे. जाड लाकडे खाली, बारीक ढलप्या वर आणि आग वरून लावायची. ज्योत वर असली की खालून येणारे वायू तिच्यातूनच जातात आणि जळतात. सुरुवातीला हवा पूर्ण उघडी ठेवावी. लाकडे एकदम न भरता थोडी थोडी घालावीत. रात्रभर धुमसत ठेवण्याची सवय तर सोडूनच द्यावी. आपले बरोबर चालले आहे की नाही, हे पाहायला अंगणात जाऊन धुराड्याकडे नजर टाकावी. पेटवतानाची पहिली काही मिनिटे सोडली, तर तिथे धूर दिसता कामा नये.

खरेच गरज आहे का?

हा प्रश्न खरे तर सर्वांत आधी विचारायला हवा. उत्तम शेगडी, कोरडे लाकूड आणि साफ धुराडे असले, तरी गॅसच्या हीटिंगपेक्षा लाकडाच्या आगीतून कितीतरी पट अधिक सूक्ष्म कण बाहेर पडतात. शेगडीचे दार उघडले की त्यातले काही खोलीतही येतात. हे कण डोळ्यांना दिसत नाहीत, पण थेट फुप्फुसात उतरतात. घरात दम्याचा रुग्ण, लहान मूल, गरोदर बाई किंवा हृदयविकाराचे माणूस असेल आणि उबेची दुसरी सोय असेल, तर लाकूड न जाळणे हेच उत्तम. शेगडीला मान्यता आहे याचा अर्थ ती निर्धोक आहे, असा होत नाही.

त्या घरात नेमका हाच मुद्दा निघाला. मुलगा म्हणत होता, गॅसचे बिल किती येते बघा. सुनेला मात्र जिन्यात बसून खोकणारा मुलगा दिसत होता. सासूबाई दोन दिवस काहीच बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाल्या, "माझी आई जन्मभर फुंकणीनं चूल फुंकत राहिली. शेवटी शेवटी तिला चार पायऱ्या चढवत नव्हत्या. आम्ही म्हणायचो, वय झालं. तिला दुसरी चूल नव्हती रे. तुमच्या घरात तर भिंतीभिंतीला गरम पाण्याचे नळ आहेत."

त्यानंतर वाद झाला नाही. मुलाला डॉक्टरांकडे नेले. त्याच्या छातीची नीट तपासणी होऊन निदान ठरेपर्यंत शेगडीचा विषय पुढे ढकलायचा आणि दम्याचे निदान झाले तर सोडूनच द्यायचा, असे तिघांनी मिळून ठरवले. शेगडीसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून खिडक्यांच्या फटी बुजवल्या आणि माळ्यावर ऊब धरणारे अस्तर घातले. गॅसचे बिल त्यानेही उतरते.

परतीच्या आठवड्यात सासूबाईंनी मागच्या अंगणात पडलेली, तोडलेल्या जुन्या झाडाची लाकडे मुलाकडून फोडून घेतली. कुंपणाच्या कडेला, जमिनीपासून वीतभर उंच त्यांची रास रचली आणि वर पत्रा टाकला. सुनेने विचारले, "आई, आता कशाला? शेगडी तर घ्यायची की नाही तेच ठरलं नाही."

"घेतलीत तर कोरडी असतील," त्या म्हणाल्या. "नाही घेतलीत तर कोणाला तरी देऊन टाका. पण त्यांना सांगा, दोन उन्हाळे खाल्ल्याशिवाय जाळायची नाहीत."