कानाचे उरलेले सोळा तास

भोपाळला गोविंदपुऱ्यात वीजयंत्रांचा सरकारी कारखाना उभा राहिला, त्यामागून लहानमोठे कारखाने आले आणि त्या बाजूला वस्ती पसरत गेली. अयोध्या नगर त्याच बाजूचे. यंत्रांपाशी उमेद घालवलेली माणसे या भागात पुष्कळ. त्यांची एक तक्रार ठरलेली : “आवाज येतो हो, शब्द कळत नाही.” वाण्याने ‘साठ’ म्हटले की यांना ‘आठ’ ऐकू येते. घरची मंडळी म्हणतात, सोयीपुरतेच ऐकतात! पण बिचाऱ्यांचा ‘स’ खरोखरच हरवलेला असतो.

तो कोठे हरवतो ते पाहण्यासारखे आहे. अंतर्कर्णातील गोगलगायीच्या आकाराच्या नळीत रोमपेशी असतात. एका कानात सुमारे १५ हजार. उंच स्वर टिपणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशी, आणि मार बहुधा त्यांनाच आधी बसतो. म्हणून ‘स’, ‘श’ आधी जातात. तंबोऱ्यातून झिरपणारे वरचे सूक्ष्म स्वरही मग पुसट होतात. या पेशी मोडतात असे आपण समजतो. पुष्कळदा त्या मोडत नाहीत, कामाने थकून मरतात. आवाज वाढला की पेशीला शक्ती अधिक लागते. शक्ती निर्माण करणाऱ्या तंतुकणिकांतून प्राणवायूची दाहक संयुगे बाहेर पडू लागतात, कॅल्शियमचा तोल जातो, नव्या प्रथिनांच्या घड्या चुकीच्या पडतात. पेशी शहाणी असते. ती नवे काम थांबवते आणि दुरुस्तीला लागते. पण ताण हटलाच नाही, तर तीच यंत्रणा पेशीला आत्मनाशाचा हुकूम देते. पक्ष्यांत अशा पेशी पुन्हा उगवतात. माणसाच्या कानात त्या उगवत नाहीत.

हे सारे आवाज थांबताक्षणी संपत नाही. प्राण्यांवरील प्रयोगांत ही दाहक संयुगे पुढे कित्येक दिवस निर्माण होताना आढळली आहेत. २००९ साली अमेरिकेत कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांना दोनच तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. काही दिवसांनी त्यांची श्रवणशक्ती तपासात पूर्ववत दिसली; पण रोमपेशी आणि मज्जातंतू यांच्यातील सांधे, काही भागांत निम्म्यापर्यंत, कायमचे गेले होते. मिरवणुकीनंतर कानात वाजणारी शिट्टी सकाळी थांबली, म्हणून निर्धास्त होणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता कायद्याची गंमत पाहा. कारखान्यात आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे, आणि गोंगाटाने येणारे बहिरेपण हा कायद्याच्या यादीतील व्यवसायरोग आहे. पण आठ तासांच्या या हिशेबात उरलेले सोळा तास शांततेचे धरलेले आहेत. पेशीची डागडुजी व्हायची ती त्याच वेळात. आणि नेमके तेच तास आपण गणपती, नवदुर्गा आणि वरातींना वाहून टाकले आहेत! कानात बोळे घालून यंत्रापाशी उभा राहणारा कामगार संध्याकाळी पोराला खांद्यावर घेऊन कर्ण्यांच्या भिंतीसमोर उभा राहतो. आवाज लोखंडाचा की आरतीचा, हे रोमपेशीला कळत नाही.

नियम नाहीत असे नाही. २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही सीमा आहे. मध्य प्रदेशात १३ डिसेंबर २०२३ रोजी नव्या मुख्यमंत्र्यांनी पहिला हुकूम काढला तो मर्यादेबाहेरच्या ध्वनिक्षेपकांविरुद्धच. पण पोलिसाने मापकयंत्र घेऊन गल्लोगल्ली फिरावे ही अपेक्षा आम्हांला फारशी व्यवहार्य वाटत नाही. कर्णे भाड्याने आणतो कोण? मंडळ. आणि मंडळाला पैसे देतो कोण? आपणच. टाळ, पेटी आणि दोन बरे गळे एवढ्यावर आरती चालत आलेली आहे, आणि ती देवाला कमी ऐकू गेली अशी तक्रार अद्याप कोणी केलेली नाही.

यंदा वर्गणीचे पुस्तक घेऊन कार्यकर्ते दाराशी आले म्हणजे कर्णे किती आणि कोणत्या दिशेला तोंड करून, हे आम्ही आधी विचारणार आहोत. पावती मागाहून.