युरोप पाहिला म्हणजे काय पाहिलें?

गेल्या उन्हाळ्यांत आमचे एक स्नेही सहकुटुंब युरोपास जाऊन आले. चौदा दिवसांत सात देश झाले. परत आल्यावर त्यांनीं चहास बोलावून सुमारें नऊशें छायाचित्रें दाखविलीं. मनोरे होते, पुतळे होते, बर्फांत उभें राहिलेलें कुटुंब होतें. पण एकाहि चित्रांत रस्ता नव्हता. एका स्थळाहून दुसऱ्या स्थळीं जातांना मध्यें काय लागलें असें विचारतां ते प्रांजलपणें म्हणाले, "मध्यें आम्ही झोंपत होतों."

हा दोष त्यांचा एकट्याचा असता तर लेखणी उचलण्याचें कारण नव्हतें. परंतु युरोप ही मोटारबसच्या खिडकींतून पाहावयाची वस्तु आहे, हा समज आमच्या सुशिक्षित वर्गांत इतका रूढ झाला आहे कीं, त्याविरुद्ध बोलणारा विक्षिप्त ठरतो. तें विशेषण पत्करून आम्ही म्हणतों कीं, युरोपांतील फार मोलाची एक वस्तु या प्रवाशांच्या दृष्टीसच पडत नाहीं, आणि ती म्हणजे तेथील पायवाट.

इंग्लंडचें उदाहरण घ्या. इंग्लंड व वेल्स मिळून सुमारें २,२५,००० किलोमीटर वाटा अशा आहेत कीं, त्यांवरून पायीं जाण्याचा कायदेशीर हक्क कोणासहि आहे. मग तो त्या देशाचा नागरिक असो वा नसो. यांतील पुष्कळशा वाटा खाजगी जमिनींतून जातात. कधीं उभ्या पिकांतून, कधीं मेंढ्यांच्या कुरणांतून, कधीं एखाद्या घराच्या परसालगत. कुंपण आडवें आलें तर तें ओलांडण्यास लांकडी पायऱ्या केलेल्या असतात, किंवा माणूस जाईल पण गुरूं जाणार नाहीं असें फाटक असतें. नांगरटींत वाट मोडली तर ठराविक मुदतींत ती पूर्ववत् करून देणें शेतकऱ्यास भाग आहे. धनी समोर उभा असतां त्याच्याच शेतांतून आपण चालत जावें आणि त्यानें हवापाण्याच्या दोन गोष्टी बोलाव्या, हा अनुभव ज्यानें घेतला नाहीं त्याला 'इंग्रज कायदा पाळतो' हें वाक्य पाठ असतें. त्याचा अर्थ ठाऊक नसतो.

आणि ही मोकळीक सारीच वारशानें आलेली नाहीं. जुन्या वाटा वहिवाटीनें टिकल्या. उघड्या डोंगरमाळावर हिंडण्याचा हक्क मात्र भांडून घ्यावा लागला. मँचेस्टर व शेफील्ड यांच्या मध्यें किंडर स्काउट नांवाचें पठार आहे. आठवडाभर कारखान्यांत राबणाऱ्या तरुणांना रविवारीं तेथें जावेंसें वाटे. परंतु तें ग्राउज पक्ष्यांच्या शिकारीसाठीं राखलेलें असून त्यावर रखवालदार होते. २४ एप्रिल १९३२ रोजीं सुमारें चारशें जण हेफील्ड गांवाहून निघाले आणि उघडपणें तो डोंगर चढूं लागले. त्यांचा म्होरक्या बेनी रॉथमन अवघा वीस वर्षांचा होता. सहा जणांना पकडण्यांत आलें, पांच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. गुन्हा काय, तर चालण्यासाठीं केलेली झटापट! पुढें १९४९ सालीं सार्वजनिक वाटा नकाशावर नोंदविण्याचा कायदा झाला, १९५१ सालीं तोच मुलूख देशांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान ठरला, आणि माळावर मोकळेपणीं हिंडण्याचा हक्क २००० सालच्या कायद्यानें आला. २००२ सालीं, त्या चढाईस सत्तर वर्षें झालीं तेव्हां, जमीनमालक ड्यूकच्या नातवानें, जो तोंपर्यंत स्वतः ड्यूक झाला होता, आपल्या घराण्याच्या वर्तनाबद्दल जाहीर माफी मागितली. बकिंगहॅम राजवाड्यापुढें पहारा बदलण्याची वाट पाहत तासभर उभें राहणाऱ्या आमच्या मंडळींना यांतलें कांहींच कळत नाहीं.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला असा कीं, घरांतील वडील मंडळींना चढ सोसत नाहीं. चढा असें म्हणतो कोण? युंगफ्राउयोखला, म्हणजे ३,४५४ मीटरांवर, नेणाऱ्या आगगाडीचा एक मार्ग लाउटरब्रुनेन गांवावरून जातो. तेथें उतरावें आणि दरीच्या तळानें स्टेखेलबर्गकडे चालूं लागावें. वाट जवळजवळ सपाट, रमतगमत दोन तासांची. दोहों बाजूंस ताठ उभे कडे; एका कड्यावरून श्टाउबबाख हा धबधबा सुमारें तीनशें मीटर खालीं येतां येतां धूळ होऊन जातो. १७७९ सालीं गटे हा कवि तो पाहून गेला आणि त्यानें त्यावर कविता केली. कुरणांत गाईंच्या गळ्यांतील घंटा वाजत असतात. वाटेवरच्या पिवळ्या पाट्यांवर अंतर किलोमीटरांत लिहिलेलें नसून किती वेळ लागेल तें लिहिलेलें असतें. म्हणजे पाटी लावणाऱ्यानें चालणाऱ्याचाच विचार केला आहे. अशा वाटा त्या लहानशा देशांत सुमारें ६५,००० किलोमीटर असून, १९७९ सालीं लोकांनीं मत देऊन त्यांना राज्यघटनेंतच स्थान दिलें. पाय थकले तर टपालखात्याची पिवळी बस परत आणून सोडते. आमच्या आजीबाईंना हें जमणार नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं त्याच आजीबाई मंडईंतून भाजी घेऊन घरीं कशा येतात तें एकदां पाहावें.

दुसरा आक्षेप, वेळ नाहीं. सातांतले पांच देश वगळा. वेळच वेळ आहे. व्हेनिसमध्यें तर मोटार शिरतच नाहीं. तरीहि तेथें दीड तासांत सेंट मार्कचा चौक आटोपून मंडळी धांवत बसकडे परततात!

तिसरा आक्षेप सर्वांत हास्यास्पद : चालणें आपल्या स्वभावांत नाहीं. आळंदीहून पंढरपुरापर्यंत सुमारें अडीचशें किलोमीटर चालणारे लोक कोणाचे? १८५७ च्या धामधुमींत कोंकणांतून उत्तरेकडे गेलेल्या गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' १९०७ सालीं छापला गेला. त्यांतलें जें आजहि जिवंत वाटतें तें बव्हंशीं पायीं तुडविलेल्या वाटांवरचें आहे.

आयुष्यांत एकदांच परदेशीं जाणाऱ्या, भाषेची धास्ती असलेल्या वृद्धांनीं यात्राकंपनीचा हात धरला तर त्यांना आम्ही बोल लावणार नाहीं. सकाळीं पोहे मिळाले तर आम्हांसहि ते आवडतील. आमचा राग आहे तो दर दोन वर्षांनीं जाणाऱ्या, इंग्रजी उत्तम बोलणाऱ्या धडधाकट माणसांवर.

ते स्नेही पुढील वर्षीं नॉर्वेस जाणार आहेत. तेथें १९५७ च्या कायद्यानें मोकळ्या रानांतून कोणासहि पायीं हिंडतां येतें. त्यांच्या छापील कार्यक्रमांत आठव्या दिवशीं 'मोकळा वेळ, दोन तास, खरेदीसाठीं' असें आहे. ते दोन तास तरी दुकानांत घालवूं नयेत असें आम्हीं त्यांस पत्रानें कळविलें आहे. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.