तंबाखू सोडायची तारीख आपण ठरवू



आपल्या बैठकांत एक गोष्ट नेहमी दिसते. कापसाच्या भावावर तावातावाने बोलणाऱ्या कार्यकर्त्याच्या एका हातात टिपणाचा कागद असतो आणि दुसऱ्या तळहातावर तंबाखू. ठरावाला अनुमोदन द्यायच्या आधी चार जण उठून भिंतीपाशी जातात, थुंकतात आणि मग हात वर करतात. उत्पादन खर्चाचा हिशेब आपण बियाण्यापासून वेचणीच्या मजुरीपर्यंत पै-पैने मांडतो. खर्ऱ्याचा, तंबाखूच्या पुडीचा हिशेब मात्र आजवर कोणत्याही बैठकीच्या विषयपत्रिकेवर आलेला नाही.

तो का आला नाही, याला कारण आहे आणि ते कारण खोटे नाही. कर्जबाजारी शेतकऱ्याचा विषय निघाला की शहरातला शहाणा आणि कचेरीतला साहेब एकाच सुरात सांगतात, "अहो, हे लोक व्यसनापायी बुडतात." आत्महत्येच्या पंचनाम्यातही व्यसनाची नोंद करून सरकारला हात झटकता येतात. या बदनामीला आपण ठामपणे उत्तर देत आलो. शेतकरी बुडतो तो भावाने, धोरणाने आणि कर्जाने, हे आपले म्हणणे आजही तेच आहे. तंबाखू सोडल्याने कापसाला भाव येणार नाही. ज्याला तसे वाटत असेल त्याने हा लेख इथेच ठेवावा.

पण बदनामीच्या भीतीने आपल्याच घरातला विषय झाकून ठेवायचा, हेही आता पुरे. तंबाखू खाणारा पापी नाही आणि कीर्तन करायला आम्ही बसलेलो नाही. प्रश्न सरळ आहे. घामाचे दाम मागणारा माणूस, हाती आलेल्या दामातला किती वाटा रोज पानठेल्यावर मोजतो? आणि ज्या देहाच्या कष्टावर कोरडवाहू शेती उभी आहे, त्या देहाचे काय होते?

हिशेब मांडू. दिवसाला दहा रुपयांच्या चार पुड्या धरल्या तर रोजचे चाळीस रुपये, वर्षाचे १४,६०० रुपये. २०२५-२६ च्या हंगामाला मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये आणि संकरित ज्वारीचा ३,६९९ रुपये जाहीर झाला. म्हणजे एका माणसाच्या तोंडात वर्षाला जवळपास दोन क्विंटल कापूस, नाहीतर चार क्विंटल ज्वारी जाते. आणि हा हिशेब हमीभावाचा आहे. तो भाव तरी किती जणांच्या पदरात पडतो? व्यापाऱ्याने पाडून मागितले तर कापूस आणखी जास्त जातो. कोरडवाहू रानात दोन क्विंटल कापूस पिकवायला किती डवरणी, किती निंदण आणि किती फवारे लागतात, हे तुम्हाला सांगायला नको. घरात बाप आणि दोन मुले खाणारी असली तर तिप्पट करा. ही एकट्या-दुकट्याची गोष्ट नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या दर शंभर प्रौढांपैकी चोवीस जण धूर न काढता तंबाखू वापरणारे निघाले. त्यात खर्रा, गुटखा, चुना-तंबाखू आले, तशी आपल्या मायबहिणींची मिसरीही आली.

कोणी विचारील, तंबाखूही शेतकऱ्याचेच पीक आहे, मग हा त्याच्याशी द्रोह नाही का? शेतकरी चळवळीला निपाणी विसरता येणार नाही. १९८१ साली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी भावासाठी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला आणि ६ एप्रिलला झालेल्या गोळीबारात शेतकरी हुतात्मे झाले. तो लढा न्यायाचा होता. पण तो कोणाशी होता? पान मातीमोल भावाने उचलून त्याच पानावर इमले बांधणाऱ्यांशी. पुडीच्या किमतीतला मोठा वाटा आजही पान पिकवणाऱ्याकडे जात नाही. तो कारखानदाराकडे, दलालाकडे आणि कराच्या रूपाने सरकारकडे जातो. तंबाखू उत्पादकाला रास्त भाव मिळावा आणि पीक बदलायचे तर त्याला आधार मिळावा, ही मागणी आपण सोडत नाही. त्याच्यासाठी कापूसवाल्याने आपले तोंड कुजवावे, असे मात्र त्यानेही कधी म्हटलेले नाही.

आता वस्तू काय आहे ते पाहू. निकोटीन हे तंबाखूच्या झाडाने किडीपासून स्वतःला वाचवण्यासाठी तयार केलेले विष आहे. माव्यावर तंबाखूचा काढा फवारणारे म्हातारे आपल्या गावात होते. कपाशीच्या बियाण्याला लावतात ते इमिडाक्लोप्रिड निओनिकोटिनॉइड गटातले. नावातच निकोटीन आहे, आणि किडीच्या मज्जातंतूंवर ते निकोटीनसारखेच काम करते. आपण तळहातावर चुना घालून मळतो तेव्हा तंबाखूचा सामू वाढतो, निकोटीन मोकळे होते आणि गालाच्या आतल्या नाजूक कातडीतून झपाट्याने रक्तात उतरते. म्हणून बार भरताच तरतरी येते. काही तासांनी रक्तातले निकोटीन उतरले की मन चिडते, डोके जड होते आणि हात पुन्हा डबीकडे जातो. तरतरी तंबाखूने दिली असे वाटते. खरे तर तिनेच लावलेली ओढ ती स्वतःच भागवते. सावकाराचे व्याज फेडायला त्याच सावकाराकडून पुन्हा कर्ज काढावे, तसा हा व्यवहार.

निकोटीन ओढ लावते. तोंडाचा कर्करोग होतो तो तंबाखूतल्या दुसऱ्या रसायनांनी. खर्ऱ्यातली सुपारीही निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीला स्वतंत्रपणे कर्करोगकारक म्हटले. सुपारीने गालाची आतली कातडी घट्ट होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. म्हणून तंबाखू सोडून नुसती सुपारी चघळणे म्हणजे एक सावकार सोडून दुसरा धरणे.

सोडायची कधी? "हंगाम निघू दे, मग सोडू," हे वाक्य आम्ही गावोगाव ऐकतो. जूनमध्ये पेरणीची चिंता, ऑगस्टमध्ये फवारणी, नोव्हेंबरात वेचणी, जानेवारीत विक्री, एप्रिलमध्ये लग्ने. कोरडवाहू शेतकऱ्याच्या वर्षात बिनचिंतेचा महिना येतच नाही, तेव्हा त्याची वाट पाहणारा कधीच सोडत नाही. तरीही तारीख पाहून ठरवावी असे आमचे मत आहे, कारण पहिले चार दिवस जड जातात आणि ते कोणत्या कामात येतात याने फरक पडतो.

फवारणीच्या दिवसांत सुरुवात करू नका. तंबाखू सुटताना डोके दुखते, घाम येतो, जीव कासावीस होतो. कीटकनाशकाची बाधा होतानाही पहिली लक्षणे अशीच असतात. दोन्हींची गल्लत झाली आणि बाधा झालेल्या माणसाला "तंबाखू नाही म्हणून होत असेल" असे म्हणून बांधावर झोपवले, तर जीव जाईल. पण फवारणीच्या आधी सोडणे फार गरजेचे आहे. औषधाने माखलेल्या हाताने तंबाखू मळून तोंडात घालणे म्हणजे विष आपल्या हाताने गालात ठेवणे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले. त्याची मुख्य कारणे वेगळी होती: दाटलेली कपाशी, श्वासातून आणि कातडीतून गेलेले औषध, अंगावर संरक्षण नसणे. पण तोंडावाटे विष जायचा एक रस्ता तरी आपल्या हातात आहे, तो बंद करता येतो.

म्हणून खरीप कापूसवाल्यांनी पेरणी आटोपताच, डवरणी-निंदणाच्या दिवसांत तारीख धरावी. हात कामात असतात आणि पहिल्या फवाऱ्याला दोन-तीन आठवडे मिळतात. रब्बी ज्वारीवाल्यांनी पेरणीनंतर, हुरड्याच्या बैठका सुरू व्हायच्या आधी सोडावी. लग्नसराई आणि कापूस विक्रीचे दिवस टाळावेत. गाडी रांगेत रात्रभर उभी असते आणि खिशात पैसा येतो, तेव्हा भले भले घसरतात. हे पान हातात येईल तेव्हा यातले काहीच जुळत नसेल, तर आजपासून पंधरा दिवसांच्या आतली तारीख धरा, त्यापुढची नको. दोघांना मात्र तारीख नाही. गरोदर बाईने मिसरी आजच थांबवावी. तिने मूल कमी वजनाचे जन्मते. आणि ज्याच्या तोंडात दोन आठवडे न भरणारी जखम आहे, पांढरा किंवा लाल चट्टा आहे, ठेचा लागताच आग होते, किंवा उभी तीन बोटे तोंडात जात नाहीत, त्याने आजच बंद करून सरकारी दवाखाना गाठावा. लवकर सापडलेला रोग बरा होण्याची आशा मोठी असते.

आता कशी सोडायची? बहुतेकांनी ठरल्या दिवशी एकदम सोडावी. फार खाणाऱ्याने दोन आठवडे आधीपासून सकाळचा पहिला बार तासातासाने पुढे ढकलावा आणि पुड्या कमी कराव्यात. पण शेवटची तारीख पक्की हवी, नाहीतर "कमी केली आहे" म्हणत दहा वर्षे जातात. तारखेआधी पानठेल्याची उधारी चुकती करा. उधारी राहिली की पाय तिकडे वळतातच. दात दुखतो म्हणून तंबाखू धरणाऱ्याने आधी दात दाखवावा. डबी, चुना, पन्नी घरात ठेवू नये आणि तारीख घरात सगळ्यांना सांगावी.

ओढ येते ती पाच-दहा मिनिटांची असते. तेवढ्या वेळात पाणी प्या, बडीशेप, लवंग किंवा भाजलेली जवस तोंडात टाका, दोन तास डवरा. त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि तीन-चार आठवड्यांत ओसरतो. तंबाखूशिवाय पोट साफ होत नाही, अशी पुष्कळांची तक्रार असते. सकाळी कोमट पाणी, जेवणात भाकरी आणि पालेभाजी ठेवा. एक-दोन आठवड्यांत पोट आपली सवय धरते. भूक मारायला तंबाखू खाणाऱ्याने शिदोरी लवकर सोडावी. भुकेला भाकर हेच उत्तर आहे. ज्याला फारच जड जाते त्याने जिल्हा रुग्णालयात विचारावे. निकोटीनचे च्युइंगम मिळते. ते हळू चावून, तोंडात चुरचुरले की गालात धरायचे असते. तंबाखूसारखे सतत चघळायचे नसते. हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पुडीवर छापलेला १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, त्यावर बोलून सल्ला मिळतो.

आणि महिन्याने कोणी एक बार भरलाच, तर? मृगाचे पेरलेले उगवले नाही म्हणून आपण रान पडीक टाकत नाही, दुबार पेरतो. इथे तर बियाण्याचा खर्चही नाही. कशाने घसरलो तेवढे पाहावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करावे.

सरकारकडे बोट दाखवायचे ते दाखवूच. २०१२ च्या जुलैपासून राज्यात गुटख्याला बंदी आहे आणि गुटखा गावोगाव मिळतो, चढ्या भावाने मिळतो. बंदीने हप्ते वाढले, पुड्या थांबल्या नाहीत. याचा जाब तहसीलला विचारला पाहिजे. पण गडचिरोलीत २०१६ पासून डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने चाललेले मुक्तिपथचे काम दाखवते की गाव स्वतः उभे राहिले तर कागदावरच्या कायद्याला हात-पाय फुटतात.

म्हणून या जिल्हा बैठकीपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो. एक, यापुढे बैठकीच्या मांडवात तंबाखू मळली जाणार नाही, व्यासपीठावर तर नाहीच. दोन, प्रत्येक गावशाखेने सोडणाऱ्यांची जोडी लावावी. दोघांनी एकच तारीख धरावी आणि पहिले पंधरा दिवस रोज एकमेकांची विचारपूस करावी. कोणाची नावे फळ्यावर लिहू नयेत, कोणाला दंड करू नये. तीन, वाचलेला पैसा घरच्या बाईच्या हाती द्यावा आणि वर्षाने त्याचा हिशेब तिनेच बैठकीत सांगावा.

भावाची लढाई लांबची आहे. ती लढायला माणसे जिवंत हवीत आणि घोषणा द्यायला तोंड उघडले पाहिजे.