मुदत संपल्यावरचे चार महिने

मे महिना लागला की आपल्या एजंट मंडळींचे फोन दिवसभर वाजत असतात. शाळा सुरू होण्याआधी घर बदलायचे म्हणून लिव्ह अँड लायसन्सचे कितीतरी करार याच सुमारास संपतात. आणि आमच्याकडे एक तक्रार हमखास येते: "करार संपून चार महिने झाले. माणूस चांगला आहे, भाडं वेळेवर देतो. पण आता आम्हाला घर हवंय तर सोडत नाही."

घोटाळा होतो तो त्या चार महिन्यांत. करार संपल्यावरही तेवढेच भाडे खात्यात जमा होऊ द्यायचे आणि गप्प बसायचे, म्हणजे 'मालकांनी तोंडी मुदतवाढ दिली होती' असे म्हणायला समोरच्याला आपणच जागा करून द्यायची.

वास्तविक महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ इथे घरमालकाच्या पाठीशी उभा आहे. कलम २४ प्रमाणे मुदत संपली की ताबा द्यावाच लागतो. दिला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि ताबा मिळेपर्यंत ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागितली नाही, तर मालकाचे म्हणणे त्याला मान्य आहे असे धरतात. (पागडीच्या जुन्या भाडेकरूंना हे लागू नाही, तो विषय वेगळा.)

पण या सगळ्याला आधार लेखी, नोंदवलेल्या कराराचा. कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती केली नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरे धरले जाते; शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शहरात हजार रुपयांची नोंदणी फी वाचवायला हा धोका पत्करणारे मालक आजही भेटतात, याचे फार वाईट वाटते. कुलूप बदलणे, पाणी तोडणे असले सल्ले तर कोणाला चुकूनही देऊ नका. जबरदस्तीने घेतलेला ताबा परत द्यायची वेळ येते आणि बाजू भक्कम असलेला मालकच आरोपी होऊन बसतो.

आता दुसरी बाजू. भाडेकरू अडून बसतो तेव्हा बहुतेकदा त्याला डिपॉझिटची धास्ती असते. भिंतीतले दोन खिळे आणि बेसिनखालचा ओलावा दाखवून रंगाच्या नावाखाली एक महिन्याचे भाडे कापायचे, उरलेले 'पुढच्या आठवड्यात देतो' म्हणायचे, हे आपल्या धंद्यात सर्रास चालते. ते थांबले पाहिजे. शेवटच्या दिवशी दोघांनी मिळून घर पाहावे, वीजमीटरच्या आकड्याचा फोटो काढावा, शेवटच्या बिलापुरती रक्कम ठरवून बाजूला ठेवावी आणि एका हाताने चाव्या घेताना दुसऱ्या हाताने बाकीचे डिपॉझिट द्यावे. ताबा मिळाल्याच्या कागदावर दोघांच्या सह्या घ्याव्यात.

राहायचेच असेल तर नवा करार जुना संपण्याआधी नोंदवा. त्यासाठी 'सोडणार की राहणार' हा प्रश्न दोन महिने आधी, लेखी विचारायला हवा. तेव्हा आजच आपली वही उघडा, जुलैअखेर संपणारे करार काढा आणि त्या मालकांना फोन लावा.