‘सहज’ निघालेल्या शब्दाची जात

एप्रिल २०२० चा महिना वाचकांना आठवत असेल. कोरोनाच्या टाळेबंदीने सारा देश घरात कोंडला होता. मैदाने ओस पडली होती. अशा वेळी मोठमोठे क्रिकेटपटू मोबाइल समोर धरून इन्स्टाग्रामवर थेट गप्पा मारत आणि लाखो चाहते त्या पाहत. अशाच एका संध्याकाळी माजी क्रिकेटपटू युवराज सिंग आणि रोहित शर्मा बोलत होते. विषय निघाला युजवेंद्र चहल यांच्या टिकटॉकवरील व्हिडिओंचा. त्यावर युवराज सिंग हिंदीत चेष्टेने म्हणाले की, या अमुक लोकांना काही कामच नाही. ‘अमुक’च्या जागी त्यांनी जो शब्द वापरला तो पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावरून मैला वाहायला लावलेल्या एका समाजाचे जातिनाम आहे. तो शब्द आम्ही येथे छापणार नाही. वाचकांना तो ठाऊक आहे आणि ज्यांच्या कानावर तो जन्मापासून आदळतो त्यांना तो पुन्हा ऐकवण्याची गरज नाही.

समोरच्याने त्यांना अडवले नाही. हसण्यावारी विषय पुढे गेला. जूनच्या सुरुवातीला त्या गप्पांचा तुकडा सर्वत्र फिरू लागला तेव्हा हरियाणातील हांसी येथे एका वकील कार्यकर्त्याने पोलिसांत तक्रार दिली. ५ जून २०२० रोजी युवराज सिंग यांनी निवेदन काढले. आपण जात, वर्ण, लिंग असा कोणताही भेद मानत नाही, मित्रांशी बोलताना आपल्याला चुकीचे समजले गेले, तरीही नकळत कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर खेद वाटतो, असा त्याचा आशय होता. गुन्हा मात्र नोंदवला गेला फेब्रुवारी २०२१ मध्ये, म्हणजे तक्रारीनंतर तब्बल आठ महिन्यांनी! ऑक्टोबर २०२१ मध्ये औपचारिक अटक झाली आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार त्यांची लगेच जामिनावर सुटकाही झाली. २०२२ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेची कलमे काढून टाकली, पण अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालील गुन्हा पूर्णपणे रद्द करण्यास नकार दिला.

या घटनेला आता बरीच वर्षे झाली. मग आज हा विषय कशासाठी? यासाठी की त्यानंतरही असे प्रसंग थांबलेले नाहीत. दरवेळी शब्द तोच, खुलासा तोच आणि प्रस्थापित प्रसारमाध्यमांचा सूरही तोच. म्हणून त्या खुलाशांची एकदा नीट तपासणी करणे आवश्यक आहे.

पहिला खुलासा असतो, ‘सहज बोलून गेलो, हेतू नव्हता.’ आम्ही हे मान्य करतो. युवराज सिंग यांनी कोणाला अपमानित करण्याचा कट रचला होता असे आमचे म्हणणे नाही. २०११ चा विश्वचषक जिंकून देणारा आणि कर्करोगाशी झुंज देऊन मैदानावर परतलेला हा खेळाडू वस्त्यावस्त्यांतील आमच्या पोरांचाही लाडका होता. परंतु सहज बोलणे म्हणजे काय? विचार न करता जे ओठांवर येते ते. आणि विचार न करता ओठांवर तेच येते, जे घरात, शाळेत, मैदानावर आणि मित्रांच्या कोंडाळ्यात हजार वेळा ऐकलेले असते. म्हणजेच ‘सहज’ हा बचाव नसून कबुली आहे. ही कबुली एकट्या खेळाडूची नाही, ज्या समाजाने त्याला घडवले त्या समाजाची आहे. जातीला आता हेतूचीही गरज उरलेली नाही, इतकी ती सवयीची झाली आहे.

दुसरा खुलासा असतो, ‘कोणा दलिताला उद्देशून बोललो नाही.’ हेही खरे. पण गोम इथेच आहे. चहल त्या समाजाचे नाहीत, तरीही त्यांची टर उडवण्यासाठी त्या समाजाचे नाव पुरले. याचा अर्थ असा की, बोलणाऱ्याच्या भाषेत ते नाव हीच शिवी आहे. एखाद्या माणसाला तोंडावर शिवी दिली तर एकाचा अपमान होतो. एखाद्या समाजाचे नाव शिवी म्हणून वापरले तर त्या समाजातील प्रत्येक जण, अगदी पाळण्यातले मूलसुद्धा, अपमानित होते. गप्पांत दलित कोणी नव्हता म्हणून अपमान झाला नाही असे म्हणणारे हे विसरतात की, पाहणाऱ्या लाखोंमध्ये सफाई कामगारांच्या वसाहतीतली मुलेही हातात मोबाइल घेऊन बसली होती.

तिसरा खुलासा सर्वांत हुशारीचा. ‘या शब्दाचा अर्थच वेगळा आहे. भांग पिऊन झिंगलेला, असा तो आहे.’ असे सांगणाऱ्यांनी अनुसूचित जातींची सरकारी यादी उघडून पाहावी. हरियाणा, पंजाब आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या यादीत ते नाव छापलेले आहे. जातीच्या दाखल्यावर तेच नाव लिहून घ्यावे लागते, तेव्हा कोणी भांगेची व्युत्पत्ती सांगत नाही. दाखल्यासाठी ती जात आणि शिवीसाठी मात्र ती नशा, हा कुठला न्याय? खेदाची गोष्ट अशी की, नोव्हेंबर २०२४ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयानेही दुसऱ्या एका प्रकरणात हा शब्द जातीचे नाव नाही असे म्हणून अ‍ॅट्रॉसिटीची कलमे काढून टाकली. उलट जुलै २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेटवरून केलेला जातीय अपमान हा लोकांच्या देखत केलेला अपमान ठरतो, पीडित व्यक्ती तेथे प्रत्यक्ष हजर असण्याची गरज नाही, असे म्हटले होते. न्यायालये अशी दोन दिशांना बोलत असताना आपल्या वकील मंडळींवरची जबाबदारी वाढते. तक्रार भावनेच्या भरात लिहून चालत नाही. कोणते कलम, कोणता पुरावा आणि सरकारी यादीतील कोणती नोंद, हे पहिल्याच दिवशी कागदावर आले पाहिजे.

आता त्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग पाहू. ‘काही काम नाही’! ज्या महिन्यात हे बोलले गेले, त्या महिन्यात काम कोणाला होते? क्रिकेटपटूंना नव्हते, सिनेनटांना नव्हते, दुकानदारांना नव्हते. झाडू आणि गाडा घेऊन पहाटे रस्त्यावर उतरायला मात्र सफाई कामगाराला एक दिवसाचीही सुटी नव्हती. २२ मार्च २०२० रोजी संध्याकाळी पाच वाजता याच देशाने गच्चीत उभे राहून टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या, त्या सफाई कामगारांसाठीही होत्या. महिना उलटतो न उलटतो तोच त्यांचे नाव रिकामटेकडेपणाची शिवी म्हणून वापरले गेले. थाळी वाजवणाऱ्या हातांनी मनातली जात खाली ठेवलेली नव्हती, हेच यातून सिद्ध झाले.

आणि हे काम तरी कसले? हाताने मैला साफ करायला लावण्यास बंदी घालणारे कायदे १९९३ आणि २०१३ मध्ये झाले. गटारात मरणाऱ्यांच्या वारसांना १० लाख रुपये भरपाई द्या असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये सांगितले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. भरपाईचा आकडा वाढवावा लागला, कारण मरणे थांबले नाही. तेव्हा हा वाद एका शब्दाचा आहे असे समजणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की, ज्यांचे नाव घेताना समाजाची जीभ अडखळत नाही, त्यांना गटारात उतरवताना त्याच समाजाचे मनही अडखळत नाही.

येथे एक तुलना करणे भाग आहे. त्याच एप्रिल २०२० मध्ये, १२ तारखेला, अमेरिकेतील मोटार शर्यतपटू काइल लार्सन संगणकावरील एका शर्यतीत भाग घेत होता. आपले बोलणे फक्त सहकाऱ्याला ऐकू जाते आहे अशा समजुतीत तो काळ्या लोकांसाठी वापरली जाणारी शिवी बोलून गेला. ते थेट प्रक्षेपणात हजारोंनी ऐकले. दोन दिवसांत त्याच्या संघाने त्याला काढून टाकले, प्रायोजकांनी हात काढून घेतले, नासकार या शर्यत संघटनेने बेमुदत निलंबित केले. ठरवून दिलेले प्रशिक्षण पूर्ण केल्यावर ऑक्टोबर २०२० मध्ये बंदी उठवण्यात आल्याचे जाहीर झाले आणि २०२१ चे विजेतेपदही त्याने पटकावले. मार्च २०२१ मध्ये मायर्स लेनर्ड या बास्केटबॉलपटूने खेळाचे थेट प्रक्षेपण करताना ज्यूंसाठीची शिवी वापरली. एनबीएने त्याला ५० हजार डॉलर दंड केला आणि आठवडाभर संघापासून दूर ठेवले. अमेरिका वर्णद्वेषातून मुक्त झाली आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडचा जीव तिथेच गेला. परंतु चूक कोणती, ती कोणाची आणि सुधारण्याचा मार्ग कोणता, हे तिथल्या क्रीडासंस्थेने स्वतः पुढे येऊन सांगितले. शिक्षा झाली आणि परतीचा दरवाजाही उघडा राहिला.

आपल्याकडे काय झाले? सगळा भार पडला हांसीच्या एका तक्रारदारावर. युवराज सिंग २०१९ मध्येच निवृत्त झाले होते, तेव्हा त्यांच्यावर कारवाई करण्याचा अधिकार क्रिकेट मंडळाला नव्हता असे कोणी म्हणेल. ते मान्य करू. पण हा शब्द आमच्या खेळात चालणार नाही एवढे एक वाक्य बोलायला कोणता अधिकार लागतो? मंडळाला कारवाई करताच येत नाही असेही नाही. जानेवारी २०१९ मध्ये हार्दिक पांड्या आणि के. एल. राहुल यांनी दूरचित्रवाणीवर स्त्रियांविषयी बेताल उद्गार काढले तेव्हा मंडळाने त्यांना परदेश दौऱ्यावरून परत बोलावले. पुढे प्रत्येकी २० लाख रुपये दंड झाला. ते योग्यच होते. मग स्त्रियांच्या अपमानाला जो न्याय तोच दलितांच्या अपमानाला का नाही?

आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या भेदभावविरोधी संहितेत वंश, धर्म, वर्ण यांबरोबर ‘जन्माधारित कूळ’ हाही आधार नमूद आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने २००२ मध्येच स्पष्ट केले आहे की, कूळ या संज्ञेत जातिभेद येतो. मात्र २००१ च्या डर्बन परिषदेत जात म्हणजे वंश नव्हे असे सांगून भारत सरकारने हा प्रश्न जगापुढे येण्यास विरोध केला होता. सरकारची ती भूमिका आणि मैदानावरचे मौन एकाच मुळाची फळे आहेत. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत पाकिस्तानविरुद्धच्या सामन्याआधी भारतीय संघाने वर्णद्वेषाच्या निषेधार्थ गुडघा टेकला. आम्ही त्याचे स्वागतच करतो. पण ज्या महिन्यात हे घडले त्याच महिन्यात जातीय शिवीच्या प्रकरणात त्यांच्याच एका माजी सहकाऱ्याला अटक होऊन जामीन मिळाला होता. सातासमुद्रापलीकडच्या अन्यायासाठी गुडघा वाकतो आणि स्वतःच्या अंगणातल्या अन्यायासाठी मान वळते, हा दुटप्पीपणा आहे.

असा दुटप्पीपणा भारतीय खेळाला नवा नाही. पुण्याच्या मैदानावर पालवणकर बाळूंची फिरकी हिंदूंच्या संघाला हवी होती, पण चहा मात्र त्यांना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरीही कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले. तो राजकारणाचा भाग वेगळा. त्यांच्या वाट्याला आलेला मातीचा पेला मात्र आपल्या सर्वांचा आहे. आणि हे जुने म्हणावे तर ऑगस्ट २०२१ मध्ये काय झाले? ऑलिम्पिकमध्ये तीन गोलांची हॅटट्रिक करणारी पहिली भारतीय महिला वंदना कटारिया टोकियोत देशासाठी खेळत होती. उपांत्य सामना हरल्यावर हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर फटाके फोडून जातिवाचक शिवीगाळ केली गेली. ती शिवी सहज नव्हती, ठरवून दिलेली होती. पण शब्दांची शाळा एकच. मोठ्या लोकांच्या गप्पांत जो शब्द विनोद म्हणून खपतो, तोच गल्लीत येऊन दगड होतो.

म्हणून चळवळीपुढे काम काय आहे? एका खेळाडूला तुरुंगात पाठवणे हे आमचे ध्येय नाही. नाव आपले आहे आणि त्याचा मान आपणच ठरवणार, हा हक्क मिळवणे हे ध्येय आहे. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात ‘हरिजन’ हे नाव कायद्यात घालण्याचा प्रश्न आला तेव्हा बाबासाहेबांनी आपल्या पक्षासह सभात्याग केला. नाव गोड होते, तरीही ते दुसऱ्याने लादलेले होते. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वाड्यावस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तोही याच वाटेवरचा. मात्र फलक बदलल्याने जीभ बदलत नाही. क्रिकेट मंडळाच्या खेळाडूंसाठीच्या नियमांत ‘जात’ हा शब्द स्पष्टपणे आला पाहिजे. उगवत्या खेळाडूंच्या प्रशिक्षणात हा विषय शिकवला गेला पाहिजे. ही मागणी खासदारांपासून जिल्हा संघटनांपर्यंत सतत लावून धरली पाहिजे.

आणि एक कटू गोष्ट बोलल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. तो शब्द फक्त सवर्णांच्याच तोंडी असतो का? आपल्याच वस्त्यांत, आपल्याच लग्नांच्या पंगतीत, सफाई कामगार समाजाविषयी कोणत्या भाषेत बोलले जाते? १९३५ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई म्युनिसिपल कामगार संघ उभा केला तो याच झाडूवाल्या कामगारांसाठी. त्यांच्यापासून चार हात दूर राहून आपण बाबासाहेबांचे अनुयायी म्हणवून घेऊ शकत नाही. दुसऱ्याच्या ओठांवरचा शब्द पुसण्याआधी आपल्या घरातला पुसला पाहिजे. उद्या पुन्हा कोणी मोठा खेळाडू थेट गप्पांत ‘सहज’ तो शब्द बोलेल, तेव्हा वसाहतीतल्या त्या पोराच्या बाजूने उभे राहायला आपण सगळे एकत्र असू का, याचे उत्तर आपण आपल्यापाशीच शोधायचे आहे.