विश्लेषण : संपलेला हंगाम पुन्हा खेळवता येतो का? निंबाळकरांच्या ४४३ धावा आणि शेलारच्या न लिहिलेल्या धावा

डिसेंबर १९४८. पुणे क्लबच्या मैदानावर रणजी करंडकात महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड सामना सुरू होता. भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. डॉन ब्रॅडमन यांचा नाबाद ४५२ धावांचा तेव्हाचा जागतिक विक्रम मोडायला दहा धावा हव्या होत्या. विश्रांतीनंतर काठियावाडचा संघ मैदानात उतरलाच नाही. कर्णधार असलेल्या राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी सामना सोडून दिला आणि निंबाळकर ४४३ वरच राहिले.

काठियावाडचे खेळाडू परत आले असते तर काय झाले असते? आपल्याकडे हा प्रश्न गप्पांच्या फडात चघळला जातो. अमेरिकेत बेसबॉलबाबत असे प्रश्न विचारण्याची शिस्तशीर पद्धत आहे. जुन्या हंगामातले खरे संघ आणि खरे खेळाडू घ्यायचे, त्यांची खरी आकडेवारी फाशांना किंवा संगणकाला द्यायची आणि अख्खा हंगाम पुन्हा खेळवायचा. मग त्याचा वृत्तांतही लिहायचा. कोण अव्वल आले, कोणाचा सूर हरपला, कोणत्या सामन्याने हंगाम फिरला, हे सगळे वर्तमानपत्री थाटात. त्यातला एकही सामना झालेला नसतो, तरी लिहिणारे आणि वाचणारे दोघेही तो गांभीर्याने घेतात. भारतात ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा आल्यापासून आणि टेनिस चेंडूच्या क्रिकेटला लीगचे रूप मिळाल्यापासून हा छंद आपल्याशीही जोडला गेला आहे.

बुक क्रिकेट हेच नव्हे का?

जवळपास तेच. पाठ्यपुस्तक उघडायचे आणि डाव्या पानाच्या क्रमांकाचा शेवटचा अंक पाहायचा. शून्य आले की बाद, दोन-चार-सहा आले की तेवढ्या धावा. आठाचे काय करायचे हे वर्गावर्गात वेगळे, बऱ्याच ठिकाणी एक धाव. या हिशेबाने पाच चेंडूंत एक गडी बाद होतो आणि दर गड्यामागे सरासरी १३ धावा निघतात. म्हणजे संघ साधारण ५० चेंडूंत १३० धावांत गारद. वर्गातल्या मधल्या सुट्टीला हे पुरते.

पण या खेळात सलामीचा फलंदाज आणि अकरावा यांच्यात काहीच फरक नसतो. पुस्तकाला निंबाळकर कोण हे ठाऊक नसते. बुक क्रिकेटमध्ये एकट्याने ४४३ धावा करायच्या तर काही लाख कोटी डावांत एखाद्या वेळी ते जमेल.

अमेरिकेतल्या खेळांनी नेमकी हीच उणीव भरून काढली. १९५१ मध्ये बाजारात आलेला अ‍ॅपबा आणि हाल रिचमन यांनी १९६१ मध्ये आणलेला स्ट्रॅट-ओ-मॅटिक यांत प्रत्येक खेळाडूचे स्वतंत्र कार्ड असते. त्याने त्या हंगामात जे केले, त्याच प्रमाणात कार्डावर फटके आणि बाद होणे मांडलेले असते. फासे सगळ्यांना सारखेच, कार्डे मात्र ज्याची त्याची. १९८१ मध्ये खेळाडूंच्या संपामुळे बेसबॉलचा ऑल-स्टार सामना ठरल्या दिवशी होऊ शकला नाही, तेव्हा क्लीव्हलँडच्या रिकाम्या स्टेडियममध्ये हीच कार्डे आणि फासे घेऊन तो खेळवला गेला. २०२० मध्ये करोनाने मैदाने बंद केली, तेव्हाही याच कंपनीने रोजच्या रोज आभासी सामने खेळवून निकाल दिले. १९९४ चा हंगाम तर या छंदातल्या मंडळींचा लाडका. त्या वर्षी ऑगस्टमध्ये संप झाला आणि अंतिम मालिका झालीच नाही. ७४ विजय आणि ४० पराभव अशा सर्वोत्तम कामगिरीवर असलेला माँट्रियलचा संघ तसाच लटकत राहिला.

मग १९४८-४९ चा रणजी हंगाम पुन्हा खेळवला तर?

सामग्री भरपूर आहे. काठियावाडने पहिल्या डावात २३८ धावा केल्या, महाराष्ट्राने ४ बाद ८२६. निंबाळकर आणि कमल भांडारकर (२०५) यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावा जोडल्या. निंबाळकर ४९४ मिनिटे खेळले आणि त्यांनी ४९ चौकार व एक षटकार मारला. पुढे मार्च १९४९ मध्ये पुण्यातच मुंबई आणि महाराष्ट्र उपांत्य फेरीत भिडले. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एका सामन्यात २३७६ धावा आणि नऊ शतके! मुंबई ३५४ धावांनी जिंकली आणि नंतर बडोद्याला हरवून विजेतीही ठरली.

अडचण याच आकड्यांत आहे. ज्या शहरात एका हंगामात एवढ्या धावांचा पाऊस पडतो, तिथली खेळपट्टी फलंदाजांना किती साथ देत असेल हे उघड आहे. त्यामुळे ४४३ ही संख्या कार्डावर जशीच्या तशी चढवली तर आभासी निंबाळकर प्रत्येक मैदानावर द्विशतके ठोकत सुटतील. बेसबॉलचे अभ्यासक यासाठी मैदानागणिक आणि काळागणिक आकडे कमी-जास्त करतात. क्रिकेटमध्ये ते अवघड आहे, कारण त्या काळच्या छापील धावफलकांत मिनिटे मिळतात, पण फलंदाज किती चेंडू खेळला हे सहसा मिळत नाही. बेसबॉलमध्ये १९८९ पासून रेट्रोशीट ही स्वयंसेवकांची संस्था जुन्या सामन्यांचा फेकीगणिक, खेळीगणिक तपशील गोळा करत आली आहे. आपल्याकडे आनंदजी डोसा आणि सुधीर वैद्य यांच्यासारख्या मुंबईकर आकडेतज्ज्ञांनी एकहाती डोंगराएवढे काम केले, पण चेंडूगणिक नोंद मागे जाऊन तयार करणे त्यांच्याही आवाक्यातले नव्हते.

त्यामुळे प्रामाणिक उत्तर मोठ्या कारकिर्दीच्या आकड्यांतून काढावे लागते. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये निंबाळकरांच्या ४८४१ धावा आहेत, सरासरी ४७.९३. एवढ्या सरासरीचा फलंदाज १९४८-४९ चा हंगाम हजार वेळा खेळला तर जवळजवळ प्रत्येक वृत्तांतात तो चांगला फलंदाज म्हणून येईल, ४४३ मात्र बहुधा एकाही वृत्तांतात दिसणार नाहीत. उलट, ४४३ झालेले आहेत हे गृहीत धरून पुढचा खेळ सुरू केला, तर आणखी दहा धावा होण्याची शक्यता साधारण ८० टक्के निघते. दमलेला फलंदाज आणि त्याहून दमलेले गोलंदाज हे दोन्ही या हिशेबाबाहेर ठेवले आहेत. म्हणजे दहापैकी आठ वेळा विक्रम निंबाळकरांच्या नावावर. त्यांना कसोटी क्रिकेट खेळायची संधी कधीच मिळाली नाही, हे मात्र कोणताही फासा बदलू शकत नाही.

ज्यांचे धावफलकच नाहीत, त्यांचे काय?

बेसबॉलमध्ये या प्रश्नाने खुद्द अधिकृत इतिहासच बदलला. वर्णभेदामुळे कृष्णवर्णीय खेळाडूंना मेजर लीगमध्ये प्रवेश नव्हता, म्हणून ते स्वतःच्या लीगमध्ये खेळत. त्या सामन्यांचे आकडे गोऱ्या वर्तमानपत्रांत क्वचितच येत. अभ्यासकांनी पिट्सबर्ग कुरियर, शिकागो डिफेंडर अशा कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांचे जुने अंक चाळून एकेक धावफलक उभा केला. मे २०२४ मध्ये मेजर लीगने १९२० ते १९४८ मधल्या अशा सात लीगचे आकडे आपल्या अधिकृत नोंदीत घेतले. जॉश गिब्सन हा कारकिर्दीतील सरासरीत पहिला आला. त्याची सरासरी .३७२, म्हणजे हजार संधींत ३७२ यशस्वी फटके. टाय कॉबची .३६७ ही सरासरी दुसऱ्या क्रमांकावर गेली. गिब्सनला जाऊन तेव्हा ७७ वर्षे झाली होती. स्ट्रॅट-ओ-मॅटिकने या खेळाडूंची कार्डे या निर्णयाच्या बरीच आधी काढली होती. खेळणाऱ्यांनी गिब्सनला त्याच्या गोऱ्या समकालीनांसमोर आधीच उभे केले होते, कार्यालयाला उशीर झाला.

आपल्याकडचे जवळचे उदाहरण पुण्याच्या मैदानावर घडलेल्या पाळवणकर बाळू यांचे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यातले त्यांचे ११४ बळी आज आकड्यांत आहेत, कारण तिथे लिहिणारे होते. त्याआधी जिमखान्यावर ग्रेग या इंग्रज फलंदाजाला त्यांनी तासन्‌तास जी गोलंदाजी टाकली, ती कोणत्याच वहीत नाही.

शेलारचा संबंध कुठे येतो?

शेलार हे भिवंडी-वाडा रस्त्यावरचे, यंत्रमागांच्या पट्ट्यातले गाव. या तालुक्यात, आणि एकूणच ठाणे-रायगडच्या गावांत, भात कापून झाला की शेते मैदाने होतात. टेनिस चेंडू, मर्यादित षटके, कोणा ना कोणाच्या नावाचा चषक, मालिकावीराला कधी दुचाकी, आणि रात्रीच्या सामन्याचे यूट्यूबवर थेट समालोचन. गावातला गोलंदाज चार तालुक्यांत नावाजलेला असतो. पण त्याने दहा वर्षांत किती बळी घेतले हे विचारले तर तो स्वतःही सांगू शकत नाही. सामना संपला की गुणलेखकाचा कागद टेबलावरच राहतो. स्पर्धेचा निकाल मोबाइलवरच्या एका छायाचित्रात उरतो, त्यात चषक आणि पाहुणे दिसतात, धावफलक दिसत नाही.

पूर्वी याने फारसे काही अडत नव्हते. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. टेनिस चेंडू, दहा षटके, सहा संघ आणि खेळाडूंचा लिलाव. गल्लीतल्या खेळाला बाजारभाव आला. पण भाव ठरवायला आयपीएलच्या संघमालकांकडे वर्षानुवर्षांचा चेंडूगणिक तपशील असतो, इथे निवड चाचणीतले काही चेंडू आणि ऐकीव कीर्ती. ज्याची चाचणी त्या दिवशी बिघडली, त्याच्याकडे दाखवायला कागद नाही. त्याचा मागचा हंगाम ना संघमालक तपासू शकतो, ना कुणी संगणकावर पुन्हा खेळवू शकतो. गेल्या दशकभरात क्रिकहीरोजसारख्या मोबाइल अ‍ॅपवर गावातले सामनेही चेंडूगणिक नोंदवता येऊ लागले आहेत. सोय चांगलीच आहे, पण ती येण्याआधीच्या दोन-तीन पिढ्यांच्या धावा तिच्यात कुठून येणार?

असा आभासी हंगाम खेळवणे कायदेशीर आहे का?

पैसे नसतील तर अडचण दिसत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी आणली. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा जुना वाद त्यात निकाली निघाला, दोन्हींवर बंदी. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ड्रीम११ ने पैशांच्या स्पर्धा बंद केल्या आणि भारतीय संघाचे प्रायोजकत्वही सोडले ते यामुळेच. मनोरंजनाचे खेळ आणि ई-स्पोर्ट्स यांना मात्र कायद्यात वेगळे स्थान आहे. त्यामुळे मित्रांनी मिळून १९४८ चा रणजी हंगाम संगणकावर खेळवला तर तो छंद, पण प्रवेशशुल्क घेऊन विजेत्याला रोख रक्कम दिली की तोच हंगाम बंदीच्या कक्षेत जातो. सामने ७५ वर्षांपूर्वीचे आहेत ही सबब चालणार नाही.

खेळाडूंचे आकडे वापरायला परवानगी लागते का, याचेही उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. एप्रिल २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, सार्वजनिक असलेली नावे आणि कामगिरीची माहिती गेमिंग कंपनीने वापरणे हा खेळाडूच्या हक्काचा भंग नाही, असे म्हटले. अमेरिकेतही २००७ मध्ये बेसबॉलबाबत अपील न्यायालयाचा असाच निकाल आला होता.

खोटा हंगाम आणि आभासी हंगाम यांत मात्र गल्लत नको. २०२२ मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या मोलीपूर गावात शेतमजुरांना रंगीत जर्सी घालून ‘आयपीएल’ खेळवले गेले, ते यूट्यूबवर दाखवून रशियातल्या लोकांकडून सट्टा घेतला गेला आणि पोलिसांनी तो डाव उधळला. तिथे चेंडू खरे होते, निकाल ठरवलेले. आभासी हंगामात चेंडू खोटे असतात, पण निकाल कोणी ठरवत नाही.

शेलारसारख्या गावांत आता काय करता येईल?

थेट प्रक्षेपणाच्या जुन्या चित्रफिती हाच इथला सर्वात मोठा दस्तऐवज आहे. सामना पुन्हा पाहून चेंडूगणिक नोंद करणे कंटाळवाणे असले तरी शक्य आहे, रेट्रोशीटच्या लोकांनी तर चित्रफीत नसताना जुन्या वह्यांवरून ते केले. फलंदाजाचे पूर्ण नाव, गाव आणि तारीख एवढे जरी सोबत लिहिले तरी एकाच आडनावाचे चार खेळाडू असलेल्या संघातला घोळ टळतो. अडथळा एकच, या चित्रफिती कोणा तरुणाच्या खासगी वाहिनीवर असतात. त्याने वाहिनी बंद केली की तो हंगामही जातो.